शेडमध्ये पास, घाटात काय?

बस किंवा टॅक्सी कुठे आहे हे सतत कळवणारा ट्रॅकर आणि संकटात दाबायचे बटण, ही जोडी १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना केंद्र सरकारने सक्तीची केली. तिचे मानक ‘एआयएस-१४०’ या नावाने ओळखले जाते. खालापूर-कर्जतच्या माणसाला तिची गरज पटवून द्यावी लागत नाही. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात, शिंगरोबाच्या देवळाजवळ, ढोलताशा पथकाची खासगी बस दरीत कोसळली आणि १३ जण गेले. अशा वेळी गाडी नेमक्या कोणत्या वळणाखाली आहे हे लगेच कळणे फार मोलाचे असते. म्हणून हे यंत्र कारखान्यातून निघण्यापूर्वी कसे तपासले जाते, ही चौकशी आपणही करायला हवी.

अडचण अशी की कारखान्याला छप्पर असते. ट्रॅकर ज्यांच्या संदेशांवरून आपली जागा काढतो ते जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. एका वॅटचे एक कोटी भाग केले, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी आणि त्यातल्याही एकाचे शंभर, तर त्यातले एक-दीड भाग म्हणजे जमिनीवर पोचणाऱ्या संदेशाची ताकद. ट्रॅकरच्या रिसीव्हरमधल्या विद्युत गोंगाटाखाली तो बुडालेला असतो. तरी सापडतो, कारण प्रत्येक उपग्रह १,०२३ खुणांची आपली ठरलेली मालिका सेकंदाला हजार वेळा पाठवतो आणि रिसीव्हरला ती पाठ असते. भिवपुरीच्या धबधब्याखाली उभे असताना कुणी एकच नाव अखंड घेत राहिले तर ते शेवटी कानाला उमगते, तसेच हे. पण वर पत्रा आला की संदेश परततो. सावरोली-खारपाडा रस्त्यालगतच्या शेडमध्ये जुळणीचे टेबल मांडले, तर त्यावरच्या ट्रॅकरला आकाश नाहीच. खिडकीपाशी नेला तर समोरच्या भिंतीवरून उसळून आलेले संदेश मिळतात आणि जागा भलतीच दाखवली जाते.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे रिपीटर. छतावर अँटेना, तिथून खाली केबल, वाटेत ॲम्प्लिफायर आणि शेडमध्ये तोच संदेश पुन्हा प्रसारित करणारी दुसरी अँटेना. टेबलावरचे सगळे ट्रॅकर जागे होतात. मात्र ते जी जागा दाखवतात ती टेबलाची नसते, छतावरच्या अँटेनाची असते! शेडच्या या टोकाला ठेवा किंवा त्या टोकाला, आकडे तेच. कारण साधे आहे. केबलमध्ये आणि पुढे हवेत जो उशीर होतो तो सर्व उपग्रहांच्या संदेशांना सारखाच होतो. रिसीव्हर जागा काढतो ती संदेशांच्या वेळांमधल्या फरकांवरून. सर्वांना सारखा असलेला उशीर तो आपल्या घड्याळाची चूक समजून बाजूला काढतो. म्हणजे रिपीटरखाली एवढेच कळते की यंत्राचा कान शाबूत आहे. अचूकतेबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

रिपीटर आणखी एका बाबतीत फसवू शकतो. जीपीएसचा मुख्य नागरी संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो, तर ‘नाविक’ या आपल्या भारतीय उपग्रहप्रणालीचा ११७६.४५ वर. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकने पहिल्या पट्ट्यातही प्रसारण आणले, पण जुन्या उपग्रहांचे तसे नाही. केवळ वरचा पट्टा जाणणारा रिपीटर लावला तर नाविकची चाचणी झालेलीच नसते.

शिवाय हा संदेश शेडबाहेर सांडता कामा नये. २०१० मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर विमानतळावर हँगरमधल्या रिपीटरमुळे बाहेरच्या विमानांचे जीपीएस बिघडले होते. म्हणूनच असे प्रसारण परवानगीशिवाय करायचे नसते आणि ताकदही गरजेपुरतीच ठेवायची असते. माझ्या मते छोट्या कारखान्याने हवेत प्रसारण करूच नये. धातूची बंद पेटी घ्यावी आणि केबल थेट तिच्यात न्यावी.

अचूकता पाहायची तर सिम्युलेटर लागतो. हे यंत्र हवे ते ठिकाण, हवी ती तारीख आणि हवा तो वेग धरून उपग्रहांचे संदेश स्वतः तयार करते. जीपीएसचा आठवड्यांचा जुना मोजणी-आकडा १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. तो ६ एप्रिल २०१९ रोजी आला होता, पुढे २०३८ च्या नोव्हेंबरमध्ये येईल. त्या दिवशी ट्रॅकर कसा वागेल हे सिम्युलेटर आजच दाखवू शकतो.

तरीही घाट निराळाच. आडोशी बोगदा, खंडाळा बोगदा, मध्ये अर्धे आकाश झाकणारे कडे. उपग्रहांच्या मार्गांची माहिती ताजी असेल तर बोगद्याबाहेर येताच जागा चटकन सापडते. पण रात्रभर बंद असलेल्या ट्रॅकरला प्रत्येक उपग्रहाचा मार्ग नव्याने ऐकावा लागतो; ती माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि मधेच बोगदा किंवा कडा आडवा आला की ऐकणे अर्धवट राहते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चा लांब बोगदा तर सुमारे नऊ किलोमीटरचा, ताशी ८० च्या वेगाने पावणेसात मिनिटांचा. तेवढा वेळ गाडीचा वेग आणि वळणे मोजणाऱ्या सेन्सरवरच अंदाज बांधायचा असतो.

याची चाचणी शेडमध्ये करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे रेकॉर्डर. खालापूर टोलनाक्यापासून लोणावळ्यापर्यंत गाडी न्यावी, अँटेनाला जे मिळेल ते कच्च्या रूपात साठवावे, जोडीला सेन्सरची नोंदही ठेवावी. मग तोच घाट बंद पेटीतल्या प्रत्येक नव्या यंत्राला पुन्हा पुन्हा ऐकवता येतो. ट्रॅकर घेणाऱ्या बसमालकाने प्रमाणपत्राबरोबर ही नोंद मागावी: रात्रभर बंद ठेवलेले यंत्र घाटात सुरू केल्यावर जागा किती सेकंदांत सापडली, आणि बोगद्यातून बाहेर येताना नकाशावरचा ठिपका रस्त्यापासून किती मीटर सरकला होता.