अज्जांची २०७

भावाला निपाणीकडची भाजी बेळगावला न्यायला जुनी गाडी हवी होती. संकेश्वरजवळ एका अज्जांच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली टाटा २०७ दिसली. १९८८ साली टेल्कोने आणलेल्या टाटा मोबाइलच्याच घराण्यातली. गरम इंजिन दोष लपवतं, म्हणून आधी बॉनेटला हात लावला. थंडगार! तरी पहिल्याच चावीला सुरू झाली. निळा धूर नाही, चासीला गंज नाही, कागदपत्रंही चोख.

मी घासाघीस सुरू करणार, तोच अज्जा म्हणाले, "मगनंग नोडकोरी." मुलासारखी सांभाळा. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. शेत वाट्याने दिलेलं. माझा भाव घशातच राहिला. मागितले तेवढे पैसे दिले.

आता बाजार आटोपून येताना भाऊ तिथे थांबतो. चहा होईपर्यंत अज्जा बॉनेट उघडून ऑइल बघतात.