गुंडपटातील सातबारा

पडद्यावरील गुन्हेगारीची चर्चा होते तेव्हा लक्ष बहुधा पिस्तुलाकडे, टाळ्याखाऊ संवादांकडे आणि नायकाच्या चालण्याबोलण्याच्या ढंगाकडे जाते; त्या गुन्हेगारीचा पैसा नेमका कोठून येतो, हा प्रश्न मागेच राहतो. गुंडपट, म्हणजे संघटित टोळीच्या उदयास्ताची कथा टोळीवाल्याच्या बाजूने सांगणारा चित्रपट, हा मात्र मुळात पैशाच्या उगमाचा शोध घेणारा प्रकार आहे, आणि या प्रकारातील उत्तम ब्रिटिश व मराठी कृती शेजारी ठेवून पाहिल्यास दोन्हीकडे तो शोध अखेर जमिनीपाशी येऊन थांबतो असे दिसते. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत भातखाचरांचे, मिठागरांचे आणि खाजणांचे भूखंड होताना ज्या तालुक्याने पाहिले, त्या पनवेलमधील प्रेक्षकाला हे निरीक्षण वेगळे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी.

ब्रिटिश गुंडपटाचा आरंभ जमिनीतून झाला नाही, तो घोड्यांच्या शर्यतींतून झाला. ग्रॅहम ग्रीन यांच्या १९३८ सालच्या कादंबरीवरून जॉन बोल्टिंग यांनी १९४७ मध्ये काढलेल्या ‘ब्रायटन रॉक’ या चित्रपटात पिंकी ब्राउन हा अवघ्या सतरा वर्षांचा पोरगा एका टोळीचा म्होरक्या असतो आणि ती टोळी शर्यतीच्या मैदानावरील सट्टेवाल्यांकडून हप्ता वसूल करते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच, हे सारे दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या ब्रायटनचे चित्र असून आता ते उरलेले नाही, अशा आशयाची पाटी झळकते. गावाची अब्रू राखण्यासाठी घातलेली ही पाटी पाहून मराठी प्रेक्षकाला आपल्याकडील ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ या सूचनेची आठवण व्हावी. हप्त्याचे कारण कायद्यात होते. मैदानावर सट्टा लावण्यास मुभा होती, मैदानाबाहेर रोख पैसे घेऊन सट्टा लावणे १९६१ पर्यंत बेकायदा होते, आणि दिवसभर रोकड हाताळणाऱ्या सट्टेवाल्याला संरक्षण विकण्याचा धंदा त्यातून फोफावला. बीबीसीवर २०१३ ते २०२२ या काळात सहा पर्वांत दाखवलेली ‘पीकी ब्लाइंडर्स’ ही मालिकाही याच सट्ट्यावर उभी आहे. बर्मिंगहॅममधील ज्या टोळीचे नाव तिने घेतले ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, पण मालिकाकार स्टीव्हन नाइट यांनी तिला उचलून पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात नेले आणि तिच्या नायकाला सट्ट्याच्या अड्ड्यावरून थेट संसदेपर्यंत पोहोचवले.

मुंबईची गोष्ट याच धाटणीची आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला बाजारपेठ मिळवून दिली, सोन्यावरील नियंत्रणांनी चोरट्या आयातीला नफा मिळवून दिला, आणि या दोन धंद्यांतून वरदराजन मुदलियार व हाजी मस्तान ही नावे मोठी झाली. ‘दीवार’ (१९७५) आणि ‘नायकन’ (१९८७) या चित्रपटांतील नायकांच्या मागे याच दोघांच्या आयुष्याची सावली असल्याचे नेहमी सांगितले जाते. बंदी घातलेल्या मालावर जगणारा गुंड मात्र बंदी उठली की निरुपयोगी ठरतो. ज्या वस्तूवर कधीच बंदी येणार नाही आणि जिचा पुरवठा वाढणार नाही, अशी वस्तू त्याला हवी असते, आणि ती वस्तू म्हणजे जमीन.

हे वळण ब्रिटिश पडद्यावर १९७१ च्या ‘गेट कार्टर’मध्ये प्रथम नीट दिसते. माइक हॉजेस यांच्या या चित्रपटात लंडनच्या टोळीतील जॅक कार्टर (मायकेल केन) भावाच्या मृत्यूचा माग काढत न्यूकॅसलला येतो, आणि शोधाच्या ओघात गेट्सहेड येथील एका बहुमजली वाहनतळाच्या माथ्यावर पोहोचतो, जेथे जुगारयंत्रांवर पैसा कमावलेल्या एका गृहस्थाला उपाहारगृह काढायचे असते. ही काँक्रीटची इमारत कल्पनेतील नव्हती. ती खरीच तेथे होती आणि २०१० मध्ये पाडली गेली. त्याच काळात न्यूकॅसलच्या नगरपालिकेचे माजी नेते टी. डॅन स्मिथ यांच्यावर वास्तुविशारद जॉन पूल्सन यांच्याशी असलेल्या आर्थिक संबंधांवरून भ्रष्टाचाराचा खटला उभा राहिला आणि १९७४ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला, म्हणजे चित्रपटाने जे सूचित केले होते त्याच्या जवळपासचेच काही न्यायालयात तीन वर्षांनी सिद्ध झाले.

जमिनीवरील खरा गुंडपट मात्र ‘द लाँग गुड फ्रायडे’ हा होय. बॅरी कीफ यांनी लिहिलेला आणि जॉन मॅकेन्झी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८० मध्ये पडद्यावर आला. त्याचा नायक हॅरल्ड शँड (बॉब हॉस्किन्स) लंडनच्या टोळीविश्वाचा निर्विवाद धनी आहे, परंतु त्याला आता गुंड म्हणवून घ्यायचे नाही. टेम्स नदीकाठच्या ओसाड पडलेल्या गोद्यांचा विकास करून त्याला प्रतिष्ठित उद्योजक व्हायचे आहे, आणि त्यासाठी लागणारे भांडवल न्यूयॉर्कच्या माफियाकडून मिळवण्याकरिता तो त्यांना आपल्या नौकेवर मेजवानी देतो. मागे लंडनचा टॉवर ब्रिज, पुढे हातात पेला घेऊन युरोपच्या भवितव्यावर भाषण ठोकणारा शँड, आणि भोवती त्याचे मिंधे असलेले एक नगरसेवक व एक पोलिस अधिकारी: विकास या शब्दाचा सारा संसार या एका दृश्यात मांडला आहे. पुढच्या दोन दिवसांत त्याची माणसे मारली जातात, त्याचा गुत्ता स्फोटात उडतो आणि आपला शत्रू कोण हेच त्याला कळत नाही. शोध घेता घेता उलगडते ते असे, की बांधकामावरील आयरिश मजुरांचा पुरवठा सुरळीत राहावा म्हणून नगरसेवकाच्या वतीने आयर्लंडमधील सशस्त्र संघटनेला पैसे पोहोचवले जात होते आणि त्या पैशांत शँडच्याच माणसांनी हात मारला होता. सगळा रक्तपात शेवटी बांधकामाच्या एका खर्चाच्या बाबीपाशी येऊन पोहोचतो, आणि पटकथेची ही बांधणी केवळ अव्वल म्हणावी लागेल. अखेरच्या दृश्यात शँड मोटारीत मागे बसलेला आहे, पुढच्या आसनावरून एक तरुण त्याच्यावर पिस्तूल रोखून हसतो आहे (हा तरुण म्हणजे पुढे जेम्स बाँड झालेले पिअर्स ब्रॉस्नन), आणि कॅमेरा बराच वेळ शँडच्या चेहऱ्यावरून हलत नाही. राग, हिशोब, अविश्वास आणि शेवटी समोरच्याच्या डावाला दिलेली मूक दाद हे सारे हॉस्किन्स एका अक्षराविना दाखवतात.

या कथेमागील अर्थकारण पनवेलकरांना परके नाही. मालवाहतूक कंटेनरमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या लोखंडी पेट्यांतून, होऊ लागल्यावर मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि मोकळे आवार लागू लागले, शहराच्या पोटातील गोद्या निकामी झाल्या आणि १९६७ पासून पुढच्या चौदा-पंधरा वर्षांत लंडनमधील गोद्या एकामागून एक बंद पडल्या. मोकळ्या झालेल्या त्या जमिनीसाठी १९८१ मध्ये ब्रिटिश सरकारने स्वतंत्र विकास महामंडळ स्थापले, म्हणजे चित्रपट वास्तवाच्या एक पाऊल पुढेच होता. मुंबई बंदरावरील भार हलका करण्यासाठी १९८९ मध्ये न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनरची आवारे व गोदामे पसरली. लंडनमध्ये ज्या पेटीने गोदीची जमीन रिकामी केली, त्याच पेटीने येथे शेताची जमीन भरून टाकली.

मुंबई शहरात हीच प्रक्रिया गिरण्यांच्या रूपाने घडली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू थांबले, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे वाटे कसे पडावेत याचे नियम घालून दिले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारलेला महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) हा संप संपल्यानंतरच्या घराची कथा सांगतो, ज्यात बेकार बापाच्या मुलांपैकी एक टोळीत जातो. मांजरेकरांच्याच ‘वास्तव’मधील (१९९९) रघू पावभाजीच्या गाडीवरून गुंडगिरीकडे घसरतो. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३, मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची) टोळीवाला रामा शेट्टी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो, आणि राम गोपाल वर्मांच्या ‘सत्या’तील (१९९८) भाऊची वाटही तीच आहे. नगरपालिकेत बांधकामाची परवानगी मिळते, हे या दोन्ही पटकथांना नेमके ठाऊक आहे. एवढे असूनही दोन्ही चित्रपट त्या परवानगीच्या टेबलापर्यंत जात नाहीत.

प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) ती वाट निम्मी तरी चालून दाखवली. पुण्याच्या वेशीवरील गावचा पाटील जमीन विकतो, आलेला पैसा उधळतो, आणि ज्या जमिनीचा तो मालक होता तिच्याच फाटकावर रखवालदार म्हणून उभा राहतो. तेथूनही हाकलला गेल्यावर कुटुंब मार्केट यार्डात हमाली करू लागते आणि मुलगा राहुल (ओम भूतकर) टोळीत शिरतो. मोहन जोशी यांनी साकारलेल्या बापाच्या अंगावरील रखवालदाराचा गणवेश हे या चित्रपटाचे सर्वांत बोलके चित्र आहे, कारण त्यात खलनायकाची गरजच पडत नाही. चित्रपटात संवादांचा सोस आहे, कोयत्यांचा उत्सवही नको तितका आहे आणि त्याची नक्कल करणारी पोरे पुढे निपजली असतील तर नवल नाही. तरीही बापाची ही कथा त्याला तारून नेते. २०२१ मध्ये मांजरेकरांनी त्याचे ‘अंतिम’ हे हिंदी रूप काढले तेव्हा सलमान खान यांनी रंगवलेला पोलिस अधिकारी कथेच्या मध्यभागी आला आणि जमीन साहजिकच मागे सरकली.

पनवेलची गोष्ट मुळशीहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळी आहे. मुळशीचा शेतकरी खासगी खरेदीदाराला जमीन विकतो, येथे मात्र नवी मुंबई वसवणारे सिडको हे सरकारी महामंडळ १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाल्यावर ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन सरकारने संपादित केली. तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, आणि त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. म्हणजे येथील बंदुकीची गोळी टोळीची नव्हती आणि त्या संघर्षाचा नायक भाई नव्हता, तो वकील व आमदार होता. पनवेलच्या जमिनीवर गुंडपट लिहू पाहणाऱ्या पटकथाकाराला हीच बाब बहुधा अडचणीची वाटत असावी.

वस्तुतः नाट्याला येथे तोटा नाही. साडेबारा टक्क्यांचा भूखंड पदरात पडण्यासाठी सातबाऱ्यावरील मयत आजोबांच्या सर्व वारसांची नावे लागतात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोडपत्रे लागतात, आणि भूखंड बिल्डरला द्यायचा तर सिडको, मूळ मालक व नवा धारक यांच्यात त्रिपक्षीय करारनामा करावा लागतो. वाटप होण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी इसाराची रक्कम घरी आणून देतो, तिच्यावर एखाद्या भावाचे लग्न पार पडते, आणि पाच वर्षांनी भूखंड हाती येतो तेव्हा त्याचा भाव दहापट झालेला असून तीनच भावांनी सही केलेली असते. चौथा भाऊ कोणाकडे जातो, त्याला कोण वकील गाठून देतो आणि कोण धमकावतो, येथपर्यंत पोहोचलेल्या कथेला हॅरल्ड शँडच्या नौकेवरील त्या नगरसेवकाचीही गरज भासेल. उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आहे, आणि भोवतालच्या ‘नैना’ या अधिसूचित क्षेत्रातील गावांतून इसाराच्या रकमा आजही घरोघर पोहोचत आहेत.