शेडमधला फ्रिज, मे महिना आणि लसीच्या बाटल्या



पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याची लस टोचायची असते. डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी लस गावात येते आणि कुणाच्या तरी फ्रिजमध्ये मुक्कामाला राहते. गेल्या मे महिन्यात ती आपल्याच संकलन केंद्रावर होती. पत्र्याचं शेड, फ्रिज पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेला, वर रिकाम्या पोत्यांची थप्पी. सकाळी डॉक्टरांनी दार उघडून आत हात घातला आणि म्हणाले, "हा फ्रिज नाही, कपाट आहे." सगळी लस टाकून द्यावी लागली. दुसरी खेप येईपर्यंत पहिला पाऊस पडूनही गेला होता. चूक आपलीच होती, म्हणून यंदा हा मेसेज आधीच.

फ्रिज गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून मागच्या काळ्या जाळीतून बाहेर फेकतो. बाहेरच ४५ अंश असेल तर ती उष्णता जाणार कुठं? मग कॉम्प्रेसर दिवसभर थांबतच नाही, बिल वाढतं आणि आत गार काही होत नाही. अशा वेळी आपण बटण शेवटच्या आकड्यावर फिरवतो. त्याचा दुपारी उपयोग शून्य. उलट पहाटे हवा गार झाली की तोच फ्रिज लस गोठवून टाकतो.

फ्रिजच्या आतल्या किंवा मागच्या लेबलवर 'क्लायमेट क्लास' लिहिलेला असतो. 'एन' असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. भर दुपारी पत्र्याखाली किती होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे 'टी'वाला असला तरी आधी शेड गार करावं लागतं. पत्र्याला वरून चुना मारा, त्यावर तुराट्या किंवा पाचट टाका (ठिणगी पडणार नाही एवढं बघून), आणि गरम हवा निघायला वर झरोका ठेवा. फ्रिज उन्हाच्या भिंतीपासून हलवा. मागे वीतभर जागा सोडा. नव्या फ्रिजला मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याआड असते. बाजू गरम लागतात त्या यामुळेच, तेव्हा तिथंही पोती टेकवू नका. जाळीवर भुसा आणि धूळ बसते. प्लग काढून महिन्यातून एकदा ब्रशनं झाडा. दुपारी जाळीकडे छोटा पंखा लावला तरी फरक पडतो. ओलं गोणपाट मात्र फ्रिजवर टाकू नका, शॉक बसेल.

दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. बर्फाचा थर साचला तर फ्रिज बंद करून वितळू द्या. सुरी-स्क्रूड्रायव्हरनं खरवडलात तर नळीला भोक पडून गॅस जातो, आणि तो खर्च फार.

आता विजेचं. शेतीच्या फिडरवर फ्रिज चालवणं म्हणजे अर्धा दिवस कपाटच. शक्य असेल तर गावठाणाच्या लाइनवर घ्या. व्होल्टेज कमी असलं की कॉम्प्रेसर नुसता घुं करतो, 'टक्' करून बंद पडतो, परत घुं. असं ऐकू आलं की लगेच प्लग काढा, नाहीतर वाइंडिंग जळतं. टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर घ्या. नसेल तर लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबून मगच चालू करा. रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्रीच भरून ठेवा. लाइट गेल्यावर त्याच गारवा धरून ठेवतात. तेवढ्या वेळात दार उघडायचं नाही, पोरांना बजावून ठेवा.

लसीला २ ते ८ अंश लागतात. बाटल्या मधल्या कप्प्यात, जाळीच्या डब्यात ठेवा. दारात नको, तिथं सगळ्यात गरम. बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. घटसर्प-फऱ्याची लस एकदा गोठली की वाया गेली, वितळून पुन्हा पातळ दिसली तरी. हे लपवू नका, डॉक्टरांना सांगा. टोचलेली पण न लागलेली लस जास्त घातक, कारण आपण निर्धास्त राहतो.

तापमान बघायला तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५च्या खाली दाखवतच नाही. वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. त्याचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून तो मधल्या कप्प्यात ठेवा. पहाटे एकदा, दुपारी तीनला एकदा बघा.

ज्या दादा-ताईंच्या फ्रिजमध्ये यंदा लस ठेवायची आहे, त्यांनी सलग तीन दिवस या दोन्ही वेळचा आकडा फोटो काढून याच नंबरवर पाठवा. आकडा बसला तिथंच बाटल्या उतरवू. कुणाचाच नाही बसला, तर डॉक्टर त्याच दिवशी बर्फाच्या पेटीतून लस आणतील, फक्त जनावरं सकाळी सातला बांधून तयार ठेवा.