कार्ड निवडण्याआधी कॅबिनेट उघडा

ऑफिसांतून निघालेले, रिफर्बिश्ड म्हणून विकले जाणारे छोटे डेस्कटॉप आता बऱ्याच घरांत आलेत. दोन-चार महिने जातात, आणि मुलगा किंवा मुलगी म्हणते, "बाबा, यात ग्राफिक्स कार्ड टाकू या ना." मग यूट्यूबवर कुठलं कार्ड किती वेगवान ते बघितलं जातं, पाच-सहा हजार जातात, आणि कार्ड घरी आल्यावर कळतं की ते बसतच नाही. म्हणून आज आपण उलट्या बाजूने सुरुवात करणार आहोत. आधी कॅबिनेट, मग कार्ड.

उदाहरणासाठी एकच मशीन घेऊ : डेलचं ऑप्टिप्लेक्स ९०२० एसएफएफ. एसएफएफ म्हणजे आडवं ठेवता येतं ते चपटं, छोटं कॅबिनेट. हे २०१३ सालचं मॉडेल, आणि यात बहुधा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह असतो. तुमचं मशीन दुसऱ्या कंपनीचं असलं तरी प्रश्न हेच राहतील.

पहिला प्रश्न उंचीचा. नेहमीचं कार्ड साधारण ११ सेंटिमीटर उंच असतं. चपट्या कॅबिनेटला लागतं ते 'लो प्रोफाइल' कार्ड, साधारण ७ सेंटिमीटरचं. त्यासोबत छोटी पत्र्याची पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, मिळतेय का ते दुकानातच बघा. सेकंडहँड कार्डाची छोटी पट्टी पुष्कळदा हरवलेली असते. आणि जाडीही बघा हं. दोन स्लॉटची जागा खाणारं कार्ड एसएमपीएसला किंवा शेजारच्या भिंतीला टेकलं, तर पंख्याला हवा कुठून मिळणार? पट्टी घ्या आणि आतून मोजा.

दुसरा प्रश्न विजेचा. या मशीनचा एसएमपीएस २५५ वॉटचा. आय-फाइव्ह ४५९० हा प्रोसेसर ८४ वॉटचा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे आणखी ४०-५० धरा. कागदावर शंभरेक वॉट उरलेले दिसतात, पण ते कार्डापर्यंत पोहोचायला वाट एकच आहे, ती म्हणजे स्लॉट. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळू शकतात, आणि काही छोट्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये याहून बरीच कमी मर्यादा छापलेली असते. ती वाचा. कार्डासाठीची वेगळी सहा पिनांची वायर या एसएमपीएसला नसते. बाजारात साटाची वायर सहा पिनांची करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटसाठी बनवलेला, आणि सहा पिनांचं कार्ड त्यातून ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथे. "एसएमपीएसच बदलू" म्हणाल, तर याची मुख्य पिन आठची आहे. दुकानातला नेहमीचा २४ पिनांचा एसएमपीएस थेट लागत नाही, आणि या कॅबिनेटात मावतही नाही.

तिसरा प्रश्न कमी लोक विचारतात : कार्ड किती लेन वापरतं? एएमडीचं आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचं, लो प्रोफाइल कार्ड. वाचून वाटतं, हेच घ्यावं. पण ते फक्त चार लेनवर चालतं, तेही चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या हिशोबाने. आपल्या मशीनमध्ये तिसरी पिढी. म्हणजे रस्त्याची रुंदी थेट निम्मी झाली. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही. इंटेलच्या आर्क कार्डांना तर चांगल्या वेगासाठी 'रिसायझेबल बार' ही सोय लागते, आणि ती इतक्या जुन्या मशीनमध्ये नसते.

मग उरतं काय? जीटी १०३० : ३० वॉट, बहुतेक सगळीकडे चालतं. मात्र एकाच नावाने दोन कार्डं विकली जातात. एकात जीडीडीआर-५ मेमरी, वेग सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्यात डीडीआर-४, वेग १७ जीबीच्या आसपास. दुसरं घेऊ नका. पुढे क्वाड्रो पी६२० आणि टी६०० : दोन्ही ४० वॉट, दोन्ही एका स्लॉटची, आणि एन्कोडर असलेली. माझ्या मते ऑफिस मशीनसाठी ही जोडी सर्वांत समजूतदार. त्यांना मिनी डिस्प्लेपोर्ट असतं, त्यामुळे एचडीएमआयच्या कन्व्हर्टरचे पैसे धरा. जीटीएक्स १६५० लो प्रोफाइल गेमसाठी बरंच पुढे, पण ते ७५ वॉटचं आणि बहुधा दोन स्लॉटचं. जागा आणि मॅन्युअल दोन्ही होकार देत असतील तरच.

लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सेकंडहँड घेणार असाल, तर आणखी एक काळजी. जुन्या कार्डाचं बायोस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवलं जातं. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर चालवून बघा. अशी बरीच बनावट कार्डं ते ओळखून तसं दाखवतं. दुकानदार चालवू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय : "मुलीला ऑनलाइन वर्ग आणि मराठी डीटीपी करायचंय, कोणतं कार्ड घेऊ?" ताई, कोणतंही नको. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याला पुरतं. मशीन मंद वाटतंय ते बहुधा जुन्या हार्ड डिस्कमुळे. एसएसडी बसवा, आणि रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडा. दोन पट्ट्या झाल्या की त्या अंगभूत ग्राफिक्सचाही वेग वाढतो, कारण ते रॅमच वापरतं. पैसे उरले, तर मुलीला चांगला मॉनिटर घ्या. दिवसभर डोळे त्याच्यावरच असतात.

तर घरी गेलात की मशीन बंद करा, वायर काढा, झाकण उघडा, आणि चार गोष्टी कागदावर लिहा : उंची, रिकामी जाडी, एसएमपीएसचे वॉट, स्लॉटची पिढी. तो कागद खिशात घालून मगच दुकानात जा.