जॉर्जकालीन नौदल-रुग्णालयांतील अधिकारी-निवास

इंग्लंडच्या इतिहासात १७१४ ते १८३० हा कालखंड पहिल्या चार जॉर्ज राजांच्या नावाने ओळखला जातो. ह्या काळात गॉस्पोर्टजवळ हॅस्लर येथे आणि प्लिमथजवळ स्टोनहाउस येथे जी नौदल-रुग्णालये उभारण्यात आली, त्यांच्या आवारांत अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र घरे बांधलेली आढळतात. वास्तुकलेच्या अभ्यासकाची दृष्टी सहसा त्यांच्या प्रमाणबद्ध दर्शनी भागावरच स्थिरावते. परंतु ही घरे प्रशासनाचे एक साधन होती, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या रचनेचा पुरता उलगडा होत नाही.

तत्पूर्वी आजारी खलाशांना बंदरातील खानावळी, मद्यगृहे व खाजगी घरे ह्यांत मक्त्याने ठेवण्याची पद्धत होती. तेथे शुश्रूषेची आबाळ होई, मद्यपान वाढे आणि सक्तीने भरती केलेल्या खलाशाला पळून जाण्याची संधीही मिळे. १७४४ च्या राजाज्ञेनंतर ही व्यवस्था बदलू लागली. थिओडोर जेकबसन ह्याच्या आराखड्यानुसार हॅस्लरचे बांधकाम १७४६ मध्ये सुरू झाले व १७५३ मध्ये तेथे पहिले रुग्ण दाखल झाले. रोगमुक्ती आणि बंदोबस्त ही दोन्ही कार्ये एकाच भिंतीच्या आत आली.

अशा संस्थेत अधिकाऱ्यांचे सान्निध्य अपरिहार्य ठरले. भिषक व शल्यवैद्य उपचार करीत. एजंट रुग्णांची हजेरी व हिशेब ठेवी. कोठावळा अन्नसामग्री सांभाळी. औषधे तयार करणारा व धर्मोपदेशक हेही नेमलेले असत. घर हा त्यांच्या सेवेचा एक भाग होता. जेम्स लिंड हा १७५८ पासून १७८३ पर्यंत हॅस्लरचा प्रमुख भिषक होता. आवारातच राहणाऱ्या वैद्यास हजारो रुग्णांचे निरीक्षण दीर्घकाळ करता येते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

तथापि सान्निध्याबरोबर अंतरही राखले जाई. स्टोनहाउस येथे रुग्णकक्ष निरनिराळ्या इमारतींत विभागलेले होते. १७८७ मध्ये तेनों व कूलों ह्या फ्रेंच निरीक्षकांनी ह्या रचनेची पाहणी केली आणि पुढे युरोपात विभक्त कक्षांच्या रुग्णालयांना तिने चालना दिली. अधिकाऱ्यांची घरेही कक्षांपासून अलग होती. अशा मांडणीत रोग्याचे स्थान, सेवकाचे स्थान आणि अधिकाऱ्याचा दर्जा जमिनीवरच रेखले गेले. १७९५ मध्ये ह्या रुग्णालयांची सत्ता नौदलाच्या कप्तानांकडे गेली. त्यामुळे वैद्याचे आवारातील अग्रस्थान गेले; प्रश्न केवळ निवासाचा नव्हता, अधिकाराचाही होता.

मुंबईच्या वाचकास हा विषय अगदीच परका नाही. कुलाब्यातील आय.एन.एच.एस. अश्विनी ह्या नौदल-रुग्णालयाचा उगम १७५६ च्या किंग्ज सीमेन्स हॉस्पिटलपर्यंत नेला जातो. म्हणजे हॅस्लरचे बांधकाम चालू असतानाच मुंबईतही खलाशांच्या उपचाराचा प्रश्न उभा राहिला होता.

स्टोनहाउस १९९५ मध्ये व हॅस्लर २००९ मध्ये बंद झाले. दोन्ही आवारे आता मुख्यतः नागरी निवासाकडे वळली आहेत. घरांच्या भिंती टिकल्या, तरी रुग्णकक्षाशी असलेला त्यांचा संबंध तुटतो. म्हणून अशा घरांचे जतन करताना एकेका इमारतीची नोंद पुरेशी नाही. घर, कक्ष, भिंत व प्रवेशद्वार ह्यांचा परस्परसंबंधही नोंदवला पाहिजे. अन्यथा केवळ सुंदर दर्शनी भाग उरेल आणि तो ज्या कारणासाठी उभारला, ते कारण विस्मृतीत जाईल.