कोटाचा खांदा निवडताना

माप देऊन शिवलेल्या कोटात नंतर जवळजवळ बदलताच येत नाही असा भाग म्हणजे खांदा. बाही आखूड करता येते, कमर आत घेता येते, बटणे सरकवता येतात. खांद्यात फेरफार करायचा तर बाही, कॉलर आणि अस्तर सगळेच उसवावे लागते, आणि जाणकार मास्टर त्या कामाला सहसा हात लावत नाहीत. तरीही गिऱ्हाईक कापडाच्या रंगावर तासभर खल करते आणि खांद्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मग मास्टर आपल्या हातात बसलेला खांदा लावून मोकळे होतात. मुंबईच्या उपनगरांत हा बहुधा जाड पॅडचा, बकरम घातलेला, चौकोनी खांदा असतो.

खांद्याचे रूप मुख्यतः आतला भराव आणि बाहीचा जोड यांवर ठरते. इंग्रजी धाटणीच्या ताठ खांद्यात पॅड आणि कॅनव्हास असतो. बाही जिथे खांद्याला मिळते, तिथे शिवणीचा दाब बाहीच्या बाजूला वळवून आत कापसाची पट्टी घालतात, त्यामुळे बाहीचा माथा दोरी ठेवल्यासारखा उठून दिसतो. लंडनच्या सॅव्हिल रोवरची अनेक दुकाने लष्करी गणवेश शिवत मोठी झाली, तो रुबाब या खांद्यात उतरला आहे. त्याच गल्लीच्या परिसरात फ्रेडरिक शोल्टे या शिंप्याने छातीवर थोडे सैल कापड आणि मऊ खांदा ठेवणारी वेगळी पद्धत आणली. अमेरिकेत रुळलेल्या साध्या खांद्यात पॅड नावापुरतेच असते आणि बाही सरळ खाली पडते.

नेपल्सची गोष्ट मुंबईकराला अधिक जवळची, कारण तेही समुद्रकाठचे उष्ण शहर. 1930 च्या दशकात जेनारो रुबिनाच्ची यांच्या ‘लंडन हाउस’ या दुकानात विन्चेंझो अत्तोलिनी या कटरने इंग्रजी कोटातला भराव आणि अस्तर काढून टाकून कोट हलका केला. या धाटणीत शिवणीचा दाब सदऱ्यासारखा खांद्याच्या बाजूला घेतात. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे बसते त्या गोलाईपेक्षा, मोठा कापून ते जादा कापड हाताने मुंढ्यात जिरवतात, त्यामुळे वर बारीक चुण्या दिसतात. त्या चुण्या चूक नसून कारागिराच्या हाताची खूण असते. मात्र ज्याने असा खांदा कधी शिवलेला नाही, त्याच्याकडून पहिल्याच खेपेला तो मागू नये. तेव्हा मिळतो तो नुसता झोल.

यातला कोणता खांदा घ्यावा, हे आधी अंगकाठीवर ठरते. खांदे उतरते असतील तर थोडे पॅड हवेच. नाहीतर मानेपासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या पडतात. खांदे मुळात चौकोनी असतील तर पॅडची गरज नसते, आणि उतार चुकला तर कॉलरखाली पाठीवर आडवी घडी येते. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो. चांगले मास्टर माप घेतानाच ते हेरतात आणि त्या बाजूचे पॅड किंचित जाड ठेवतात. डोके मोठे किंवा पोट सुटलेले असेल, तर थोडा भरीव खांदा शरीराला तोल देतो. मास्टर ज्याला तीरा म्हणतात ते खांद्याचे माप मात्र फुगवू नये. कोट घालून भिंतीला बाजूने टेकावे; दंडाआधी पॅड भिंतीला लागले, तर खांदा रुंद झाला आहे.

सोयीचा प्रश्न पॅडपेक्षा मुंढ्यावर अधिक अवलंबून असतो, आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. मुंढा खोल आणि मोठा म्हणजे कोट मोकळा, असे वाटते. प्रत्यक्षात खोल मुंढ्याच्या कोटात हात वर केला की सगळा कोट वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ उंच असेल, तर हात वर जातो आणि कोट जागेवर राहतो. जोगेश्वरीहून चर्चगेटच्या धीम्या लोकलमध्ये कडी धरून उभ्या असलेल्या वकिलाला हा फरक रोज अंगावर कळतो. बार कौन्सिलच्या नियमांनी काळा कोट उन्हाळ्यात ऐच्छिक केला आहे, पण सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत ती सवलत नाही. अशा रोजच्या कोटाला उंच मुंढा, पातळ पॅड आणि हलके कापड हेच योग्य.

दमट हवेचाही विचार हवा. जाड कापसाचे पॅड घाम धरते आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही. तलम ट्रॉपिकल किंवा लिननच्या कापडातून जाड पॅडची कड बाहेर उमटते, म्हणून पातळ कापडाला मऊ खांदाच शोभतो.

याचा अर्थ ताठ खांदा वर्ज्य असा नाही. वर्षातून दोनदा लग्नात किंवा समारंभात घालायच्या कोटाला तो देखणा दिसतो, आणि बंदगळ्याला तर हवाच, कारण उभ्या कॉलरखाली लेचापेचा खांदा पडेल दिसतो. ताठ, नीट बसलेल्या कोटाला निव्वळ दिखावा म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रात गावोगावी उभे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सुटातले पुतळे आठवावेत. ज्या समाजाला नीटनेटके कपडे घालण्याचाही हक्क नाकारला गेला, त्याच्यासाठी त्या सुटाचा अर्थ फार मोठा आहे.

निवड ठरली तरी तिची परीक्षा कच्च्या ट्रायललाच होते. त्या वेळी बाही कच्च्या धावदोऱ्यावर असते आणि खांदा अजून हलवता येतो. अंगात नेहमीचा सदरा असावा, खिशात मोबाइल असावा. आरशासमोर छाती काढून ताठ उभे राहू नये, रोजच्यासारखे उभे राहावे. मग हात कडीपर्यंत वर न्यावा, टेबलावर लिहिल्यासारखा पुढे घ्यावा आणि बाहीच्या माथ्याखाली खळगा पडतो का ते पाहावे. पडत असेल तर तिथेच सांगावे. बाही पक्की शिवून अस्तर लागले, की तक्रारीचा फारसा उपयोग नसतो.