चिनी अक्षरें आणि रोमन कळा

चिनी लिपींत वर्णमाला नाहीं. बहुधा प्रत्येक चिन्ह म्हणजे एक सार्थ उच्चार. १७१६ सालच्या खांग्शी कोशांत अशीं ४७ हजारांवर चिन्हें आहेत. तीं स्मार्टफोनच्या २६ रोमन कळांत मावावीं कशीं?

याचें उत्तर असें, कीं कळ दाबली जाते ती चिन्हाची नव्हे, उच्चाराची. प्रमाण चिनी भाषेचे उच्चार रोमन अक्षरांत मांडणारी 'पिनयिन' पद्धति चीननें १९५८ सालीं स्वीकारली. फोनच्या 'सेटिंग्ज'मध्यें कीबोर्डांच्या यादींत चिनी पिनयिन जोडला, कीं सिद्धता झाली. पुढें बहुधा पृथ्वीगोलाच्या कळेनें भाषा पालटतां येते.

आतां नुसतें 'मा' लिहिलें, तर आई, घोडा, रागें भरणें अशा भिन्न अर्थांचीं चिन्हें ओळीनें उभीं राहतात. त्यांतलें एक निवडावें लागतें. उलट 'मामा' असा पुरा शब्द लिहितांच आईवाचक शब्द अग्रभागीं येतो. मराठी कानाला ही गंमतच! म्हणून जाणता मनुष्य सुटा उच्चार न लिहितां सबंध शब्द लिहितो. तैवानांत हेंच काम ३७ झुयिन खुणांनीं होतें.

या सोयीचें मोल मात्र द्यावें लागतें. यंत्र चिन्ह ओळखावयास सांगतें, आठवावयास नव्हे. 'लेखणी उचलावी, तों अक्षर विसरावें' अशा अर्थाचा वाक्प्रचार चिनी भाषेंत रूढ आहे. बोटानें चिन्ह रेखाटण्याची सोयहि फोनांत जोडतां येते. नवशिक्यानें दिवसांतून थोडा वेळ तरी तीच वापरावी. म्हणजे डोळ्यांबरोबर हातहि शिकेल.